ओळखीने आलेला माणूस रात्री तुमचं प्रोफाइल उघडतो

एका आर्किटेक्ट बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपुरात प्रतापनगरला स्वतःचं छोटं ऑफिस काढून काही वर्षं झाली. बरोबरच्यांचे इन्स्टाग्रामवर हजारोंनी फॉलोअर आहेत. सीनियर मंडळी म्हणतात, आर्किटेक्टला जाहिरातीची मनाई आहे. आणि एक डिजिटल मार्केटिंगवाला दर महिन्याला ठरावीक रील आणि 'गॅरंटीड लीड' असं पॅकेज घेऊन मागे लागला आहे. सोशल मीडियाचा आपल्या व्यवसायात खरंच उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो कसा करावा?

उपयोग होतो. पण तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही.

आपल्या शहरात घर बांधणारा माणूस आर्किटेक्टपर्यंत कसा पोचतो ते आधी बघा. बेसा, बेलतरोडी नाहीतर मनीषनगरात पंधराशे फुटांचा प्लॉट घेऊन ठेवलेला असतो. आरएल (प्लॉटचं रिलीज लेटर) हातात आली, लोनचं जमतंय असं दिसलं, की तो विचारपूस सुरू करतो. मेव्हण्याला विचारतो, शेजारच्या प्लॉटवर काम चालू असलेल्या ठेकेदाराला विचारतो, बँकेच्या व्हॅल्युअरला विचारतो, नासुप्रमध्ये (नागपूर सुधार प्रन्यासात) ज्याने फाइल फिरवली त्याला तर विचारतोच. त्यातून दोन-तीन नावं निघतात. मग रात्री जेवणं आटोपल्यावर नवरा-बायको पलंगावर बसून ती नावं फोनवर टाकतात. सोशल मीडियाचं काम इथे सुरू होतं. नाव ओळखीनेच कळलेलं असतं, फोनवर फक्त त्याची पडताळणी होते.

म्हणून पोस्ट करताना हे दोघं डोळ्यासमोर ठेवा. त्यांना काय बघायचं असतं? ही बाई आपल्यासारखी तीस बाय पन्नासच्या प्लॉटवरची घरं करते, की फक्त फार्महाऊस आणि बंगले? साइटवर जाते की नुसती थ्रीडी दाखवते? काढलं तसं बांधून झालं का? बोलायला कशी आहे? या चार प्रश्नांची उत्तरं तुमच्या पानावर मिळत असतील तर फॉलोअर तीनशे असले तरी चालतं. तीस हजारातले बरेचसे इंदूर-पाटण्याचे असतील. फी मात्र बेशातलाच माणूस देणार.

त्यामुळे कॅप्शन मराठीत लिहा, नाहीतर आपण बोलतो तशा हिंदी मिसळलेल्या मराठीत. 'इंटरप्ले ऑफ लाइट अँड व्हॉल्यूम' हे फक्त दुसरे आर्किटेक्ट वाचतात, आणि ते तुम्हाला काम देत नाहीत.

आता टाकायचं काय. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

बेशात एक घर चालू होतं. खालचा स्लॅब झाला होता, वरच्या मजल्याच्या खिडक्यांची लिंटल पातळी (खिडकीवरच्या तुळईची उंची) आली होती. मालकाचा व्हॉइस मेसेज आला, 'मॅडम, हा छज्जा काढून टाकू ना, रीलमध्ये तर कुठंच दिसत नाही.' त्याने पाठवलेली रील मी पाहिली. डब्यासारखं गुळगुळीत इलेव्हेशन (दर्शनी बाजू), खिडक्या भिंतीच्या पृष्ठभागाशी सपाट, छज्ज्याचा पत्ता नाही. आणि आमची खिडकी तंतोतंत पश्चिमेला, पलीकडे मोकळा ले-आउट, एक झाड नाही. त्याला समजावण्यासाठी मी फोनवर भाषण दिलं नाही. मेअखेरीला ऑफिसच्या जवळच्याच एका जुन्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीचे फोटो काढून आणायला ज्युनिअरला पाठवलं. खिडकी चार फूट उंच, वर दोन फुटांचा छज्जा. दुपारी २ वाजता खिडकी पूर्ण सावलीत. ३ वाजता अर्ध्याहून थोडी जास्त. ४ वाजता वरचा जेमतेम दीड फूट. ५ वाजता छज्ज्याची सावली फूटभरसुद्धा नाही, ऊन थेट पलंगावर.

हे चार फोटो एकाखाली एक लावून मालकाला पाठवले आणि तेच पानावर टाकले. खाली लिहिलं की आपलं शहर साधारण २१ अक्षांशावर आहे, २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, म्हणून उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेला मात्र छज्जा एकटा पुरत नाही. ऊन आडवं येतं, त्याला उभा आडोसा लागतो: जाळी, उभे फिन (भिंतीबाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या), वेल, झाड, नाहीतर खिडकीच लहान करा. मालकाने छज्जा ठेवला, वर बाहेरून सरकती जाळीही मागितली. त्या पोस्टला लाइक फारसे नाहीत. पण पहिल्या भेटीला येणारे लोक फोन काढून तीच पोस्ट पुढे करतात आणि म्हणतात, 'आमच्याकडे पण हाच प्रॉब्लेम आहे.' फी बोलायच्या आधीच अर्धी बैठक जमलेली असते.

नागपुरात अशा विषयांना तोटा नाही. कूलरचंच घ्या. थ्रीडीत कूलर कधी दिसत नाही, पण एप्रिल ते जून प्रत्येक घराच्या खिडकीला तो लटकतो, ग्रिल कापून. त्याची जागा, पाण्याचा नळ, सांडलेल्या पाण्याची वाट आणि आत आलेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला झरोका, हे तुम्ही नकाशातच धरलं असेल तर त्याचा एक साधा फोटो आणि एक हाताने काढलेला सेक्शन, म्हणजे उभा छेद, टाका. काळ्या मातीतला पाया हा असाच दुसरा विषय. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन, तिच्यामुळे तडकलेल्या कंपाउंडच्या भिंती सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. कारण फार थोड्यांना माहीत असतं. फुटिंगचा खड्डा भरण्याआधी त्यात टेप धरून काढलेला फोटो दहा चकचकीत रेंडरपेक्षा जास्त विश्वास कमावतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, त्यानंतर प्लिंथची (जोत्याची) उंची, तळमजल्यावरचं मीटरचं पॅनेल, बेसमेंटचा रॅम्प यांवर लोक अगदी मन लावून वाचू लागले. पण अशा वेळी दुसऱ्याच्या बुडालेल्या घराचा फोटो टाकून आपलं शहाणपण सांगू नका. ते घर ओळखणारे शंभर जण तुमच्या यादीत असतात.

रेंडर टाकू नका असं नाही. पण थ्रीडी असेल तर थ्रीडी लिहा, एआयने काढलेलं चित्र असेल तर तसं लिहा. न बांधलेलं घर बांधल्यासारखं दाखवलं की पुढचा माणूस 'बघायला नेता का?' म्हणतो, आणि मग तोंड लपवावं लागतं. आधीच्या ऑफिसात असताना केलेलं काम दाखवायचं असेल तर त्या ऑफिसचं नाव द्या आणि तुमचा वाटा किती ते सांगा. 'वर्किंग ड्रॉइंग आणि साइट मी पाहिली' एवढं पुरे. स्ट्रक्चरल इंजिनिअर, ठेकेदार आणि चांगलं काम केलेला मिस्त्री यांची नावं घाला, त्यांना विचारून. तो मिस्त्री ती पोस्ट आपल्या स्टेटसला ठेवतो आणि तुमचं पुढचं काम त्याच्या ओळखीतून येतं.

ग्राहकाच्या फोनमधल्या 'सेव्ह' केलेल्या चित्रांवर चिडू नका. पिंटरेस्ट, यूट्यूबवरचे 'तीस बाय पन्नास ईस्ट फेसिंग'वाले नकाशे, वास्तूच्या रील, सगळं घेऊन लोक येतात. मी पहिल्या भेटीतच म्हणते, सगळं दाखवा. मग प्रत्येक चित्रावर एकच प्रश्न विचारते: यातलं नेमकं काय आवडलं? गंमत अशी की बहुतेक वेळा उत्तर 'मोकळं वाटतं' हे असतं. मोकळं वाटतंच, कारण त्या चित्रात कपाट नाही, देवघर नाही, वाळत घातलेले कपडे नाहीत, सायकल नाही. म्हणजे त्यांना स्टोअरेज हवं आहे, इटालियन मार्बल नको आहे. आणि त्या यूट्यूबच्या नकाशात समोरचं मार्जिन (सोडायची मोकळी जागा), बाजूची मार्जिनं, पार्किंग यातलं काहीच आपल्या यूडीसीपीआरप्रमाणे (राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीप्रमाणे) नसतं, हे मनपाच्या मंजुरीआधीच दाखवून दिलं की पुढचे वाद टळतात.

आता ज्या सोशल मीडियावर आपला खरा दिवस जातो त्याबद्दल. तो इन्स्टाग्राम नाही, व्हॉट्सअॅप आहे. साइटचा ग्रुप नीट चालवला तर घर नीट बांधलं जातं, आणि गबाळा चालवला तर कोर्टात सापडतं. प्रत्येक साइटचा वेगळा ग्रुप करा. मालक, ठेकेदार, स्ट्रक्चरल इंजिनिअर, इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि आपल्या ऑफिसातला एक जण. मेव्हणे, काका आणि वास्तुतज्ज्ञ नकोत. पैशाची भाषा ग्रुपवर आणू नका, ती ठेकेदाराशी आणि मालकाशी वेगवेगळी करा.

ड्रॉइंगचा फोटो कधीच नाही, पीडीएफच पाठवायची, तीही 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअॅप दाबून बारीक करतं आणि ९ चा ६ दिसतो. फाइलच्या नावातच साइट, मजला, तारीख आणि रिव्हिजन हवं. आणि पोच अंगठ्याने घ्यायची नाही. आमच्याकडे नियम आहे की सुपरवायझरने शब्दांत लिहायचं: 'आर ३ मिळाला, आर २ फाडला.' कारण अंगठा कोणी दाबला, मिस्त्रीने की त्याच्या पोराने गेम खेळता खेळता, याचा पत्ता नंतर लागत नाही. मालकाने व्हॉइस मेसेजवर बदल सांगितला तर ऑफिसातून त्याच दिवशी तो लिहून टाकायचा: 'आज ठरलं, किचनचा ओटा खिडकीखाली, सिंक डावीकडे, खर्चातला फरक ठेकेदार उद्या कळवेल.' विरोध आला नाही तर ती नोंद राहते.

स्लॅब भरायच्या आदल्या संध्याकाळी फोटोंची एक ठरलेली फेरी असते. कव्हर ब्लॉक (सळईखालचे ठोकळे) दिसतील असा खालून एक, चेअरवर (सळईच्या घोड्यांवर) उचललेली वरची सळई, बीम-कॉलमच्या सांध्यातल्या रिंगा, टॉयलेटचा संक (खाली घेतलेला स्लॅब), पंख्याचे बॉक्स, वायरिंगचे पाइप. प्रत्येक फोटोत टेप धरलेली हवी, नाहीतर अंतर कळत नाही. इंजिनिअरने 'भरायला हरकत नाही' असं लिहिल्याशिवाय मिक्सर सुरू करायचा नाही. आणि भरल्यावर तराईचे (पाणी मारण्याचे) फोटो, सलग. मे महिन्यातल्या उन्हात तराईला दांडी म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

काम संपलं की चॅट एक्सपोर्ट करून, फोटोंसकट, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवा. आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा इलेक्ट्रॉनिक पुरावा प्रमाणपत्रासह दाखल करता येतो. जुन्या कायद्यात हेच ६५ बी होतं. पुराव्याची वेळ येऊ नये, पण आली तर 'फोन बदलला, चॅट गेलं' हे उत्तर चालत नाही.

सीनियर जे म्हणतात ते खोटं नाही. आर्किटेक्टची नोंदणी करणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे १९८९ चे व्यावसायिक वर्तनाचे विनियम आहेत, त्यात आर्किटेक्टने आपल्या सेवांची जाहिरात करायची नाही असं स्पष्ट आहे. खाली सवलतींची यादी आहे. ती वाचताना १९८९ साल डोक्यात ठेवा: बोर्डावरची अक्षरं १० सेंटिमीटरपेक्षा उंच नसावीत, पत्ता बदलला तर सूचना तीन वेळा छापता येते, वगैरे. पण त्याच यादीत आपल्या कामाची दोन कलमं आहेत. एक, आपल्या कामाची चित्रं आणि वर्णनं वृत्तपत्रांत किंवा इतर सार्वजनिक माध्यमांत नावासह येऊ देता येतात, मात्र त्यासाठी पैसे द्यायचे नाहीत आणि घ्यायचेही नाहीत. दोन, ज्यांना आपण नावानिशी ओळखतो अशा संभाव्य ग्राहकांना माहितीपुस्तिका देता येते.

माझं वाचन असं: आपण केलेलं काम समजावून सांगणारं पान पहिल्या सवलतीच्या आत्म्यात बसतं. विचारायला आलेल्या माणसाला पोर्टफोलिओची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर पाठवणं दुसऱ्या सवलतीत अगदी नेमकं बसतं. विकत घेतलेल्या नंबरांवर तीच पीडीएफ ब्रॉडकास्ट करणं बसत नाही. पोस्ट 'बूस्ट' करणं, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवणं, 'पहिल्या दहा ग्राहकांना फीमध्ये सूट' लिहिणं, कोणाला पैसे देऊन मुलाखत छापून घेणं, हे तर उघडच नियमाबाहेर जातं. सगळे करतात, हा बचाव तक्रार झाल्यावर उभा राहत नाही, आणि तक्रार करणारा बहुधा शेजारच्याच गल्लीतला आर्किटेक्ट असतो.

टाइल, प्लाय, फिटिंगच्या कंपन्यांचं वेगळं सांगते. तुमच्या बिल्डिंगमध्ये वापरलेल्या मालाच्या जाहिरातीत तुमचं नाव साधेपणाने येऊ शकतं, मोबदला न घेता. पण शोरूममध्ये उभं राहून रील करायची आणि बदल्यात टूर घ्यायची, हे दोन्हीकडून अंगाशी येतं: कौन्सिलचा नियम आहेच, शिवाय २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शिफारस करणाऱ्याने कंपनीशी असलेला हितसंबंध उघड करायचा असतो. आणि नियम बाजूला ठेवा. ज्या मालकाला तुम्ही तीच टाइल सुचवली, त्याने ती रील पाहिली तर तो काय समजेल?

बिल्डरची कामं करत असाल तर जास्त जपा. रेरा (स्थावर मालमत्ता कायदा) नोंदणीआधी प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, कलम ३ आहे आणि त्याचा दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जबाबदारी प्रवर्तकाची, म्हणजे बिल्डरची. पण 'लवकरच येतंय वर्धा रोडवर' असं लिहून तुम्ही उत्साहात इलेव्हेशन टाकलं आणि बिल्डरने ते शेअर केलं, तर गोत्यात येणारा ग्राहक तुमचाच आहे. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींवर क्यूआर कोड सक्तीचा केला. बिल्डरसोबत 'कोलॅब' पोस्ट करायची तर ती जाहिरातच समजा. आणखी एक बारीक गोष्ट, जी फारसं कोणी बोलत नाही. प्रकल्पाच्या खात्यातून पैसे काढायला आपण काम किती टक्के झालं याचा दाखला फॉर्म १ मध्ये सही करून देतो. तुमच्या पानावर त्याच आठवड्याचा साइटचा फोटो असतो, त्यावर तारीख असते. दाखला आणि फोटो जुळले पाहिजेत. फ्लॅट घेणारे दोन्ही बघतात.

नावाआधी 'आर्किटेक्ट' लावण्याबद्दल. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टच्या कलम ३७ प्रमाणे नोंदणी नसताना ही पदवी लावणं गुन्हा आहे, दंड मात्र पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंतच, त्यामुळे धाक कोणालाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असंही स्पष्ट केलं की हे कलम पदवीच्या वापरावर बंदी घालतं, कामावर नाही. म्हणजे इन्स्टाग्रामवर फुटाच्या भावाने इलेव्हेशन विकणाऱ्याला तुम्ही थांबवू शकत नाही. भांडत बसू नका. स्वतःच्या बायोमध्ये कौन्सिलचा नोंदणी क्रमांक लिहा, 'सीए'पासून सुरू होणारा पूर्ण. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो हेही लिहा. तेवढ्यात फरक कळतो. आणि तुमच्या ऑफिसातल्या ज्या मुलाची नोंदणी अजून झालेली नाही, त्याने लिंक्डइनवर नावाआधी 'Ar.' हे दोन अक्षरी बिरुद लावलं असेल तर आजच काढायला सांगा.

मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि ती फीच्या करारातच घ्या, घर झाल्यावर नाही. घर झाल्यावर मालक थकलेला असतो, पैसे संपलेले असतात आणि ठेकेदारावरचा राग तुमच्यावर निघतो. करारात तीन-चार ओळी पुरतात: काम चालू असतानाचे आणि झाल्यावरचे फोटो वापरता येतील, नाव-पत्ता दिला जाणार नाही, माणसं दिसणार नाहीत, मालकाने सांगितलं तर काढून टाकू. कोणी नाही म्हणालं तर कारण विचारू नका. इतवारीतल्या व्यापाऱ्याला घर दाखवायची हौस असते, पण ते कोणकोणत्या खात्याच्या साहेबांनी बघू नये तेही त्याला नीट माहीत असतं. तिजोरीची खोली, कॅमेऱ्यांच्या जागा, मागचं दार दिसेल असा पूर्ण नकाशा मुळीच टाकू नका, लोकेशन टॅग करू नका, आणि आतले फोटो गृहप्रवेश होऊन महिना-दोन महिने गेल्यावरच.

फोटो पैसे देऊन काढून घेतले तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पहिला मालक पैसे देऊन काढून घेणारा असतो. पण चांगले फोटोग्राफर वेगळा करार करतातच. तो वाचा. टाइलवाल्याला ते फोटो वापरू देता येतात का, मासिकाला पाठवता येतात का, हे आधी ठरवा. ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघा. सोनेगावचा विमानतळ आणि वायुसेनेचे परिसर यामुळे शहराचा मोठा भाग परवानगीशिवाय उडवता न येणाऱ्या रेड किंवा यलो झोनमध्ये येतो, आणि नवीन घरं नेमकी वर्धा रोडच्याच बाजूला होताहेत. आणि फोटो काढून घेतानाच उभे काढायला सांगा. जानेवारी २०२५ मध्ये इन्स्टाग्रामने प्रोफाइलची चौकोनी जाळी उभी केली, तेव्हा कित्येकांच्या पानावरचे जुने नकाशे दोन्ही बाजूंनी कापले गेले.

गुगलवरचं ऑफिसचं पान मात्र विसरू नका. इन्स्टाग्रामपेक्षा तेच जास्त लोक बघतात, कारण पत्ता आणि फोन तिथून मिळतो. वेळ, नकाशा, ऑफिसच्या दाराचा फोटो एवढं नीट ठेवा. वाईट रिव्ह्यू आला तर दोन ओळींत उत्तर द्या आणि फोन करा. त्याने फी बुडवली असेल तरी ती गोष्ट तिथे लिहायची नाही. वाचणाऱ्याला कोण खरं ते ठरवायचं नसतं. भांडण झालं तर ही बाई आपल्याबद्दल चारचौघांत काय लिहील, एवढंच तो बघतो.

स्वतःच्या कामाचे फोटो नेहमी नसतात, विशेषतः सुरुवातीला. तेव्हा शहराबद्दल लिहा. दीक्षाभूमीचा स्तूप अख्ख्या शहराने पाहिलेला आहे, पण त्याचे आर्किटेक्ट शिवदानमल होते आणि १८ डिसेंबर २००१ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं, हे किती जणांना ठाऊक आहे? एवढा मोठा स्तूप आतून पोकळ आहे, याचा सेक्शन काढून दाखवा. सिव्हिल लाइन्समधली हायकोर्टाची इमारत हेन्री मेडची. महालातल्या वाड्यांचे चौक, धरमपेठेतल्या जुन्या घरांचे व्हरांडे आणि कौलं, उन्हाशी कसं जमवून घेतलं ते सांगायला उत्तम. अशा पोस्टवर जुनी नागपूरकर मंडळी येऊन अशा आठवणी लिहितात की त्यातून आपलंच शिक्षण होतं. माणसं नेमायलाही हे कामी येतं. व्हीएनआयटीतली किंवा इथल्या दुसऱ्या कॉलेजांतली मुलं इंटर्नशिपसाठी ऑफिस निवडताना साइटच्या आणि सेक्शनच्या पोस्ट बघतात. पुण्या-मुंबईला जाऊ पाहणारा एखादा चांगला मुलगा त्यामुळे थांबतो.

राहिला तुमचा पॅकेजवाला. नाही म्हणा. 'लीड' म्हणजे त्याच्या भाषेत फक्त फोन नंबर, आणि त्या नंबरवरून पहिला प्रश्न येतो, 'फुटाला काय भाव?' त्याच्या रीलमध्ये तुमच्या छज्ज्याचं काय झालं ते येणार नाही, कारण तो साइटवर जाणार नाही. त्या पैशात एखादा ज्युनिअर अर्धवेळ ठेवा, त्याला स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी टेप घेऊन पाठवा, आणि त्याने आणलेल्या फोटोंवर आठवड्यातून एक पोस्ट तुम्ही स्वतः लिहा. रविवारी सकाळचा तास पुरतो. कमेंटमध्ये कोणी 'तडा गेलाय, काय करू?' विचारलं तर तिथे निदान करू नका. न पाहिलेल्या तड्यावर दिलेला सल्ला तुमच्या नावावर राहतो. 'स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, हवं तर मी नाव देते' म्हणा.

आणि अकाउंट ऑफिसच्या ईमेलवर, ऑफिसच्या सिमवर काढा. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पासवर्ड तुमच्याकडे, ज्युनिअरला फक्त पोस्ट करण्यापुरता प्रवेश. मुलं लग्न होऊन हैदराबादला जातात, नोकरी बदलतात, नंबर बदलतात, आणि वर्षांचं काम असलेलं पान ओटीपीअभावी कुलूपबंद होऊन बसतं. ऑफिस भागीदारीत असेल तर फुटल्यावर पान कोणाचं आणि कुठल्या प्रोजेक्टचे फोटो कोणी ठेवायचे, हेही भागीदारीच्या कागदात आत्ताच लिहून घ्या.